सहा अक्षरांची शिडी

मुलांनो, या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात सहावीतल्या एका मुलीचं पत्र आहे. ती लिहिते, "माझी मावशी २७ वर्षांची आहे. ती अजून शिकते. पण तिला पाठ्यपुस्तक नाही, चाचणी परीक्षा नाही आणि दिवाळीची सुट्टीसुद्धा धड नाही. मग ती शिकते म्हणजे नक्की काय करते?" पत्राच्या खाली आईनं दोन ओळी जोडल्या आहेत : "बाई, आम्हालाही नीट सांगता येत नाही. पाहुण्यांनी विचारलं की 'रेण्वीय जीवशास्त्रात पीएच. डी. करते' असं म्हणतो आणि चहा आणायला आत जातो."

प्रश्न झकास आहे! आज त्याच्याच मागे लागू.

पेशी तुम्हाला माहीत आहे. आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं, हे चौथी-पाचवीपासून आपण ऐकतो. आता या पेशीच्या आत शिरा. तिथं हजारो प्रकारचे रेणू धावपळ करत असतात. कुणी साखर फोडतो, कुणी निरोप पोचवतो, कुणी मोडलेलं जोडतो. यांतला कोण काय करतो, कुणाच्या सांगण्यावरून करतो, आणि त्यानं काम सोडलं तर काय बिघडतं, हे शोधायचं म्हणजे रेण्वीय पेशी-जीवशास्त्र. नाव जड आहे, पण आत सगळी गुप्तहेरगिरी आहे.

आणि पीएच. डी. म्हणजे? बघा हं. बीएस्सी, एमएस्सीपर्यंत जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं कुठल्या ना कुठल्या पुस्तकात असतात. पेपर काढणाऱ्याला ती ठाऊक असतात. पीएच. डी.ला गेलं की उलटं होतं. असा प्रश्न घ्यायचा, ज्याचं उत्तर जगातल्या एकाही पुस्तकात नाही. तुमच्या गाईडलाही ते माहीत नसतं. बघा, गाईड म्हणजे वाट दाखवणारा, आणि इथं वाट त्यालाही ठाऊक नाही! तो फक्त रानात आधी हिंडलेला असतो, एवढंच.

या मुलीच्या मावशीला मी ओळखत नाही. पण अशाच एका विद्यार्थिनीची खरी गोष्ट सांगते, म्हणजे उत्तर आपोआप कळेल.

कॅरोल ग्रायडर ही अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. जन्म १९६१ चा. वडील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. आईही शास्त्रज्ञ होती, पण कॅरोल सहा वर्षांची असतानाच ती वारली. शाळेत कॅरोलची स्पेलिंग सारखी चुकायची. इतकी, की तिला वर्गातून उठवून स्पेलिंगच्या वेगळ्या तासाला पाठवत. आपण ढ आहोत, असं तिच्या मनानं घेतलं. खरं कारण होतं डिस्लेक्सिया. 'तारे जमीन पर' हा २००७ चा सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातल्या ईशानला असतं तेच. अक्षरं दिसतात, पण त्यांचा क्रम आणि उच्चार यांची सांगड बसत नाही. कॅरोलनं यावर स्वतःपुरता मार्ग काढला. शब्द फोडून वाचण्याऐवजी ती अख्खा शब्दच्या शब्द पाठ करू लागली.

(मी रोज शुद्धलेखनाच्या वह्या तपासते, म्हणून हे जरा लांबवून लिहिलं. पालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचला तरी चालेल.)

पुढे ती सांता बार्बराच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकली. तिथं तिला प्रयोगशाळेत काम करायची चटक लागली. हातानं करायचं, डोळ्यांनी बघायचं, स्पेलिंगची भानगड नाही! गुण उत्तम पडले, शिक्षकांनी शिफारसपत्रंही छान दिली. पण पीएच. डी.च्या प्रवेशासाठी अमेरिकेत तेव्हा जीआरई नावाची परीक्षा सगळीकडे मागत. वेळ लावून, पर्यायांवर खुणा करायची परीक्षा. तिच्यात कॅरोलला गुण कमी मिळाले. तिनं बऱ्याच विद्यापीठांकडे अर्ज केले होते. मुलाखतीला बोलावलं फक्त दोघांनी. त्यांतलं एक बर्कलीचं, कॅलिफोर्निया विद्यापीठ. तिथंच १९८३ साली ती दाखल झाली. ज्यांनी नुसता एक आकडा बघून तिचा अर्ज बाजूला ठेवला, त्यांना पुढे काय वाटलं असेल, देव जाणे.

बर्कलीत पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी थोडे थोडे महिने वेगवेगळ्या लॅबमध्ये काम करून बघायचं, आणि मग गाईड ठरवायचा, अशी रीत आहे. आपल्याकडच्या काही संशोधन संस्थांतही असंच करतात. चांगली रीत आहे. विषय कितीही आवडला तरी ज्या माणसाबरोबर पाच-सहा वर्षं काढायची, तो माणूस आवडायला हवा ना? कॅरोलनं निवडल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न. मूळच्या ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरच्या, तेव्हा वय पस्तीसच्या आसपास.

आता ब्लॅकबर्नबाईंना कोणता प्रश्न छळत होता, ते समजून घेऊ. इथं जरा सावकाश वाचा.

पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रं असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांबच लांब दोरा. डीएनएच्या लिपीत अक्षरं चारच : ए, टी, जी आणि सी. दोऱ्याला दोन पदर असतात. एका पदरावर ए असेल तर समोर टी, आणि जी असेल तर समोर सी. पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, तेव्हा आधी या सगळ्या दोऱ्याची नक्कल व्हावी लागते.

दोरा म्हटला की त्याला टोक आलं. आणि टोक म्हणजे कटकट! साडीच्या कापलेल्या कडेला पिको केलं नाही, तर धागे सुटतात. बुटाच्या नाडीच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी निघाली, तर नाडीची केरसुणी होते. गुणसूत्राच्या टोकालाही अशी टोपी असते, हे हर्मन म्युलर आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकातच ओळखलं होतं. म्युलरनं तिला नाव दिलं, टेलोमिअर. पण ही टोपी कशाची बनते, ते कुणालाच माहीत नव्हतं.

शिवाय दुसरी कटकट. डीएनएची नक्कल करणारा जो विकर असतो, त्याला सुरुवात करायला पायाखाली थोडी जागा लागते. अंगण सारवणारी बाई जिथं स्वतः उभी असते, तेवढी जागा सारवायची राहतेच, होय की नाही? बाई मागं सरकून तीही सारवते, पण या विकराला दोऱ्याच्या टोकापलीकडे सरकायला जागाच नसते. तुलना अगदी तंतोतंत नाही, पण मुद्दा हाच. दर नकलेला टोकाचं थोडंसं राहून जातं. रशियात अलेक्सेय ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ साली आणि अमेरिकेत जेम्स वॉटसन यांनी १९७२ साली हे दाखवून दिलं. म्हणजे दर वेळी दोरा आखूड व्हायला हवा. मग लाखो वर्षं पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेल्या प्राण्यांचे दोरे केव्हाच संपायला हवे होते! ते संपले कसे नाहीत?

ब्लॅकबर्नबाई हे शोधायला गेल्या एका डबक्यात.

म्हणजे डबक्यातल्या एका प्राण्याकडे. त्याचं नाव टेट्राहायमेना. एकाच पेशीचा जीव, अंगभर केसांसारखी लव, ती हलवत गोड्या पाण्यात गिरक्या घेणारा. असे वीसएक जण एका ओळीत ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. याला कशाला निवडलं? माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६, म्हणजे टोकं ९२. टेट्राहायमेनाच्या मोठ्या केंद्रकात मात्र गुणसूत्रांचे छोटे छोटे हजारो तुकडे असतात, आणि प्रत्येकाला दोन टोकं. हापूस शोधायचा तर रत्नागिरीच्या बागेत जावं, पुण्याच्या गॅलरीत शोधत बसू नये, त्यातला प्रकार.

जोसेफ गॉल यांच्या लॅबमध्ये काम करताना बाईंनी ही टोकं वाचली. तिथं काय लिहिलं होतं? टी-टी-जी-जी-जी-जी. पुन्हा टी-टी-जी-जी-जी-जी. पुन्हा तेच! कुठं वीस वेळा, कुठं सत्तर वेळा. शिक्षा म्हणून वहीभर एकच शब्द लिहायला लावावा, तसं. पुढे १९८२ मध्ये जॅक शॉस्टॅक या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी हीच टोकं डीएनएच्या तुकड्यांना जोडून ते तुकडे यीस्टच्या पेशीत सोडले. टोपी नसलेले तुकडे यीस्टमध्ये टिकत नसत. टोपीवाले टिकले. आणि गंमत म्हणजे, यीस्टनं त्या परक्या टोपीपुढे आपल्या पद्धतीची अक्षरं जोडून टाकलेली दिसली.

याचा अर्थ पेशीत कुणीतरी आहे, जो टोकाला नवी अक्षरं जोडतो. कोण?

हाच कॅरोलचा प्रश्न. १९८४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी तिनं तो हातात घेतला. धोका बघा. असा कुणी विकर पेशीत नसलाच तर? मग वर्षं वाया. ब्लॅकबर्नबाईंनी तिच्यापासून हे काही लपवलं नव्हतं.

तिची रोजची कामं ऐकाल तर तुम्ही म्हणाल, हे कसलं संशोधन! टेट्राहायमेना वाढवायचे. ते फोडून त्यांचा अर्क काढायचा. अर्क बर्फात ठेवायचा, नाहीतर नासतो. छोट्या नळीत तो थेंबभर घ्यायचा, त्यात डीएनएचा तुकडा घालायचा आणि टी, जी ही सुटी अक्षरं घालायची. या अक्षरांना किरणोत्सारी खूण केलेली, म्हणजे ती पुढे कुठं गेली ते कळावं. थोडा वेळ थांबायचं. मग हे मिश्रण जेलवर चढवायचं. जेल म्हणजे खरवसासारखा पातळ थर. त्यातून वीज सोडली की डीएनएचे तुकडे पळू लागतात. जत्रेच्या गर्दीतून बारकी पोरं सुळकन पुढं जातात आणि मोठी माणसं मागं अडकतात, तसे लहान तुकडे पुढं आणि लांब तुकडे मागं. शेवटी त्यावर एक्स-रेची फिल्म ठेवायची आणि वाट बघायची. जिथं खूण केलेली अक्षरं असतील, तिथं फिल्मवर काळी रेघ उमटते.

काही महिने असे गेले, आणि फिल्मवर मनासारखं काही उमटेना. मग दोघींनी डोकं लावलं. आत्तापर्यंत गुणसूत्राचे मोठे तुकडे वापरत होतो, त्याऐवजी टी-टी-जी-जी-जी-जी हा शब्द चारदा लिहिलेला छोटासा कृत्रिम तुकडाच का देऊ नये? तोही भरपूर.

१९८४ चा २५ डिसेंबर. नाताळ. अमेरिकेत त्या दिवशी सगळं बंद, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला असावं तसं. कॅरोल एकटीच लॅबमध्ये गेली आणि तिनं फिल्म काढून बघितली. फिल्मवर एक शिडी होती! रेघेवर रेघ, रेघेवर रेघ, सारख्या अंतरानं वर चढत गेलेली. प्रत्येक पायरी बरोबर सहा अक्षरांची. म्हणजे नळीतल्या कुणीतरी सहा अक्षरं जोडली होती, मग आणखी सहा, मग आणखी सहा. घरी जाऊन तिनं गाणी लावली आणि ती नाचली.

तुम्हाला वाटेल, झाली गोष्ट, वाजवा टाळ्या. पण माझ्या मते खरी पीएच. डी. इथून सुरू होते, म्हणून इथंच जास्त लक्ष द्या.

शिडी दिसली हे खरं. पण ती नव्या विकरानंच बांधली कशावरून? टेट्राहायमेनाच्या अर्कात त्याचा स्वतःचा डीएनए असतोच, आणि त्यात टी-टी-जी-जी-जी-जी खच्चून भरलेलं. मग नेहमीच्या नकलाकार विकरानंच त्यावरून नक्कल केली असेल तर? शिडी तशीच दिसेल, पण शोध फुकट! तेव्हा दोघी आपल्याच शोधाच्या विरोधात वकिली करायला बसल्या. रोज नवा संशय, रोज नवा प्रयोग.

अर्क तापवून बघितला, शिडी गायब. प्रथिनं खाणारा पदार्थ त्यात घातला, शिडी गायब. म्हणजे शिडी बांधणारं एखादं प्रथिनच असणार, कारण विकर हे बहुतेक प्रथिनांचे असतात आणि उष्णतेनं ते बिघडतात. समोरच्या पदरावरचा शब्द देऊन बघितला, सी-सी-सी-सी-ए-ए. काही नाही. टोकाशी संबंध नसलेले दोन तुकडे दिले. काही नाही. अर्कातला मूळ डीएनए काढून टाकला. शिडी आहेच! नेहमीच्या नकलाकार विकराला बंद पाडणारं औषध घातलं. तरी शिडी आहेच! मग या दोघांवरचा आळ गेला.

आणि मला सगळ्यांत आवडलेला प्रयोग हा : नळीत टेट्राहायमेनाऐवजी यीस्टच्या टोकाचा शब्द टाकला. यीस्टचं स्पेलिंग वेगळं असतं. समोर दिसेल त्याची नक्कल करणारा कुणी असता, तर त्यानं यीस्टचाच शब्द पुन्हा लिहिला असता. पण नळीतल्या पठ्ठ्यानं यीस्टच्या टोकापुढे लिहिलं, टी-टी-जी-जी-जी-जी! तुम्ही गुजरातीत अर्धं वाक्य लिहून मित्राला दिलंत आणि त्यानं ते मराठीत पुरं केलं, तर तो तुमची नक्कल करत नाही हे उघड आहे. त्याची स्वतःची भाषा आहे.

या सगळ्याला किती दिवस लागले? नाताळात शिडी दिसली होती, आणि शोधनिबंध 'सेल' या नियतकालिकात छापून आला तो पुढच्या वर्षी, १९८५ च्या डिसेंबरात. या विकराचं नाव आधी भलतंच लांबलचक ठेवलं होतं. पुढे सुटसुटीत झालं, टेलोमरेज.

पण मग टेलोमरेजला तो सहा अक्षरांचा शब्द पाठ कसा? कॅरोलनं आता अर्कात आरएनए खाणारा विकर घातला. डीएनएचा भाऊबंद असतो ना, तो आरएनए. शिडी गायब! म्हणजे या विकरात नुसतं प्रथिन नाही, आरएनएसुद्धा आहे. हे १९८७ मध्ये छापलं गेलं, आणि त्याच वर्षी तिला पीएच. डी. मिळाली. नंतर कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या प्रयोगशाळेत तिनं तो आरएनए शोधून अक्षर अक्षर वाचला. लांबी १५९ अक्षरं, आणि त्यात एका ठिकाणी सी-ए-ए-सी-सी-सी-सी-ए-ए. म्हणजे टी-टी-जी-जी-जी-जीच्या बरोबर समोर बसणारी अक्षरं. टेलोमरेज आपला कित्ता बगलेत घेऊनच फिरतो आणि त्यावरून गिरवतो! हे १९८९ साली प्रसिद्ध झालं. स्पेलिंगच्या वेगळ्या तासाला बसवलेल्या मुलीनं निसर्गातला कित्ता शोधून काढला, असं म्हणायला हरकत नाही.

आता घरातले मोठे विचारतील, "याचा उपयोग काय?" विचारू देत. डबक्यातल्या प्राण्याच्या टोकांमागे लागताना कुणाच्याही डोक्यात औषध नव्हतं. पण पुढे काय काय निघालं बघा. माणसाच्या गुणसूत्रांनाही तशीच टोपी असते, शब्द जवळजवळ तोच : टी-टी-ए-जी-जी-जी. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत टेलोमरेज झोपलेला असतो, म्हणून पेशी दुभंगत जाईल तसतशी टोपी झिजते. माणसाच्या पेशी बशीत वाढवल्या तर त्या साधारण पन्नासएक वेळा दुभंगतात आणि मग थांबतात, असं लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ सालीच बघितलं होतं. त्यामागे ही झिजणारी टोपी आहे, हे नंतर कळलं. आणि कॅन्सरच्या बहुतेक गाठींत टेलोमरेज जागा झालेला सापडतो, म्हणून त्या पेशी थांबायचं नावच घेत नाहीत. मग टेलोमरेजला अडवता येईल का? यावर पुष्कळांनी वर्षानुवर्षं काम केलं. २०२४ साली अमेरिकेत एका रक्ताच्या आजारावर असं पहिलं औषध मंजूर झालं. नाताळच्या शिडीपासून मोजा, चाळीस वर्षं!

जाता जाता एक. "टेलोमिअर वाढवा, तरुण राहा" अशा गोळ्यांच्या जाहिराती कुठं दिसल्या तर खिशात हात घालू नका. टेलोमरेज सरसकट जागा करणं किती धोक्याचं असू शकतं, ते वरच्या परिच्छेदात आलंच आहे.

२००९ साली ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शॉस्टॅक यांना वैद्यकाचं नोबेल पारितोषिक मिळालं. विज्ञानाच्या एकाच नोबेलमध्ये दोन स्त्रिया, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. पहाटे स्टॉकहोमहून फोन आला तेव्हा ग्रायडरबाई काय करत होत्या माहीत आहे? धुतलेल्या कपड्यांच्या घड्या!

आता पत्रातल्या आईंसाठी थोडं. तुमची बहीण 'अजून शिकते', पण ते कामच आहे. पूर्णवेळ पीएच. डी. करणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना विद्यावेतनही मिळतं. आपल्याकडे हे काम करायला दूर जायलाच हवं असं नाही. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, आयसर आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, तिथं रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग १९६२ साली ओबेद सिद्दीकी यांनी सुरू केला. आयसरला बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो. टाटा संस्थेत बीएस्सीनंतरही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी आणि पीएच. डी. एकत्र करता येते. इतर बहुतेक ठिकाणी आधी एमएस्सी, मग नेट. परीक्षा आल्याच, त्यांतून सुटका नाही. पण मावशीला सुट्टी का नसते, हे आता कळलं असेल. पेशींना दिवाळी कळत नाही. त्यांना वेळेवर खाऊ लागतो.

करून बघा

कॅरोलनं तापवलेल्या अर्काचा प्रयोग केला, तसाच एक घरी करू. किराणा दुकानात पावासाठीचं सुकं यीस्ट मिळतं. शॉस्टॅक यांनी वापरलं ते याच जातीचं. अरुंद तोंडाच्या चार सारख्या बाटल्या घ्या, चार सारखे फुगे घ्या.

पहिल्या बाटलीत अर्धा पेला कोमट पाणी, एक चमचा यीस्ट, दोन चमचे साखर. दुसरीत पाणी आणि यीस्ट, साखर नाही. तिसरीत पाणी आणि साखर, यीस्ट नाही. चौथीसाठी एक चमचा यीस्ट अर्धा पेला पाण्यात पाच मिनिटं उकळायचं (हे आईबाबांकडून करून घ्या), कोमट होऊ द्यायचं आणि मग साखर घालून बाटलीत ओतायचं. बाटल्यांना झाकण लावू नका. चौघींच्या तोंडांवर फुगे चढवा आणि उबदार जागी तासभर ठेवा.

पण फुगे चढवण्यापूर्वी कोणता फुगेल, कोणता नाही आणि का, हे वहीत पेननं लिहायचं. पेन्सिलनं नाही, नाहीतर मागाहून खोडाल! मग दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून काय दिसलं ते लिहा. पहिलीचं काय होणार, ते तुम्ही न करताच सांगाल. मला दुसऱ्या बाटलीची उत्सुकता आहे. तिचा फुगा जरासा उभा राहिलाच, तर त्या यीस्टनं खाल्लं काय असेल? संशय कुणावर आहे आणि तो खरा की खोटा ते ठरवायला पाचव्या बाटलीत काय घालाल, ते मला पत्रानं कळवा.